टोपलीखालचं पाऊल

"फळीवरून चालताना खाली बघायचं नाही," आबांनी दारातच सांगितलं. "भिंतीला हात लावायचा नाही. तोल गेला तर माझा खांदा धरा."

आई उंबऱ्याबाहेर उभी राहून आत बघत होती. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि दोन्ही गुडघ्यांना मी बांधून दिलेले पट्टे. दारापासून बाहेरच्या खोलीच्या मध्यापर्यंत विटा मांडून त्यांवर फळ्या टाकलेल्या होत्या, शेतातल्या पाटावर टाकतात तशा. त्या फळ्यांखाली माझ्या बहिणीच्या घराची फरशी होती.

"ह्या वयात मला सर्कशीत घालता व्हय?" आई म्हणाली.

आबा हसले नाहीत. कुलूप काढण्याआधी त्यांनी कडी दोनदा हलकेच वाजवली होती आणि थोडं थांबले होते. आत कुणी नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि त्यांनाही. तरी ते थांबले, आणि का कोण जाणे, आई आणि मीसुद्धा श्वास रोखून थांबलो.

गावाचं नाव मी सांगणार नाही. कृष्णेकाठचं तालुक्याचं गाव आहे, आणि त्या गावाला त्या एका घरावरून ओळखलेलं आता पुरे झालं. अलकाताई, दाजी आणि त्यांची पाच वर्षांची मिनू, तिघांनाही दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी त्या घरात कुणीतरी मारलं. कुणी आणि का, ते कळलं नाही. आबा म्हणजे दाजींचे वडील. हायस्कुलात खेळाचे मास्तर होते, आणि त्या दिवशी खो-खोच्या मुली घेऊन सांगलीला गेले होते. लोक म्हणत, मास्तर वाचले. त्यांच्या स्वतःच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही.

पोलिसांनी घर सील केलं होतं. पुढे तपास थंडावला, किल्ली आबांकडे आली, आणि मग आबांनीच ते पहिल्यापेक्षा कडक सील केलं. समोरच्या पिठाच्या गिरणीवर एक खोली घेऊन ते तिथे राहू लागले. रोज दिवेलागणीला येऊन दार उघडायचे, फळीवरून आत जायचे आणि थोड्या वेळाने कुलूप लावून परत जायचे. आतली एक वस्तू हलवायची नाही, केर काढायचा नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "उद्या नवा साहेब येईल. काही नवं यंत्र निघेल. तेव्हा घर जागेवर पाहिजे."

आणि आईला त्याच घरात एक दिवा लावायचा होता.

आमच्यात माणूस जातं तिथे दिवा लावतात, शेजारी पीठ पसरतात आणि त्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघायचं, कुणाचं पाऊल उमटलंय. माणसाचं, पाखराचं, गाईगुरांचं. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते त्यावरून समजतं म्हणे. मग ते पीठ नदीला सोडायचं. मी शिकलेली, माझा यावर विश्वास होता असं नाही. पण ताईचं हे झालं नाही, कारण घर पोलिसांकडे होतं. आणि किल्ली परत आली तेव्हा आबा त्या फरशीवर चिमूटभर पीठ पडू देईनात. आईने निरोप धाडले, माणसं मध्ये घातली. मी स्वतः तीनदा भांडून आले. आबा शांतपणे ऐकून घेत, चहा पाजत आणि नाही म्हणत.

अशी कितीतरी वर्षं गेली, आणि एका वर्षी आईला हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "वर गेल्यावर अलकी इचारंल, आये, माझा दिवा का लावला न्हाईस. काय सांगू तिला?" त्याच पावसाळ्यात त्या घराचा मागचा स्लॅब बसला. नगरपालिकेने फाटकावर नोटीस चिकटवली, घर धोकादायक आहे, पाडा. आबा कोर्टात जाणार असं गाव म्हणत होतं. कोर्टाने घर पुन्हा बंद केलं काय किंवा यंत्राने पाडलं काय, दिवा लावायचा राहणारच होता. म्हणून मी फोन केला आणि पहिल्यांदाच आबा म्हणाले, "या. दिवा लावा. बाकी काही नाही."

मी मात्र आणखी एका कामासाठी गेले होते.

त्या घराच्या बाहेरच्या खोलीत, मधोमध, एक वेताची टोपली पालथी घातलेली होती. पोलिसांनीच पहिल्या दिवशी ती तिथे ठेवली होती. तिच्याखाली खुन्याचं पाऊल आहे, असं सगळं गाव सांगायचं. पोरं त्या फाटकासमोरून पळत जायची. मी ते घर आतून बघितलेलं नव्हतं, पण टोपली माझ्या स्वप्नात यायची. स्वप्नात फळ्यांखालून पाणी वाहत असायचं, ताई काठावर धुणं धूत असायची, आणि ती टोपली तिच्याकडे तरंगत जायची. मी हाका मारायचे, आणि ताई हातातला पिळा न सोडता म्हणायची, थांब गं, एवढं होऊ दे.

ताईचं काही उरलं नव्हतं आणि त्याचं पाऊल मात्र जपून ठेवलं होतं. याचा मला इतका राग होता की कधीकधी आबांचाही तिरस्कार वाटायचा. मी ठरवूनच गेले होते. आबा आईकडे बघत असताना टोपली उचलायची आणि टाचेने ते पाऊल पुसून टाकायचं. पुढे काय व्हायचं ते होऊ दे.

आई आबांचा खांदा धरून फळीवर चढली. मागून मी. आतला उजेड हिरवा होता. मधुमालतीने दोन्ही खिडक्या बाहेरून गिळून टाकल्या होत्या आणि ऊन पानांतून गाळून आत येत होतं. सगळ्या वस्तूंवर एकाच रंगाची धूळ होती, इतकी सारखी की खुर्ची कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. टेबलावर अर्धा बांधलेला आकाशकंदील होता, बांबूच्या कामट्यांचा, एकाच बाजूला कागद लावलेला. दोरीवर मिनूचा फ्रॉक होता. बाहेर गिरणीचा पट्टा फिरत होता, पण तो आवाज लांबून, कुठल्या तरी दुसऱ्याच दुपारीतून आल्यासारखा येत होता. मला झोप येऊ लागली. भीतीने झोप येते हे मला त्या दिवशी कळलं.

"कंदील दाजी करत होते?" मी विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"मिनूनं हट्ट धरला होता, विकतचा नको म्हणून," आबा म्हणाले. "कागद तिनंच चिकटवलाय. वाकडा आहे बघ."

फळी जिथे संपत होती तिथे आईचे गुडघे थकले. ती सरळ फळीवरच बसली, पाय पोटाशी घेऊन, परकर-पोलक्यातल्या पोरीसारखी. तिच्यापासून हातभर अंतरावर ती टोपली होती. एका बाजूचा वेत उसवला होता. बाकी स्वयंपाकघरातली साधी, भाकरीची टोपली. स्वप्नातली फार मोठी असायची.

आईने पिशवीतून निरांजन काढलं, वात लावली, आणि जमिनीकडे हात नेला.

"जमिनीवर नको, विहीणबाई. फळीवर ठेवा."

आईने ते फळीवर ठेवलं. मग पिशवीतून फडक्यात बांधलेलं पीठ काढून मांडीवर घेतलं. घरच्या ज्वारीचं, तिने जात्यावर मूठभर स्वतः दळलेलं.

"पीठ नाही म्हणालो होतो," आबा म्हणाले.

"व्हय, म्हनला व्हतासा," आई म्हणाली. तिने गाठ सोडली नाही, पण पीठ आतही ठेवलं नाही. तशीच बसून राहिली आणि दिव्याकडे बघत हळूहळू रडू लागली, आवाज न करता. आबांनी मान दुसरीकडे वळवली. माझी वेळ आली होती. मी फळीवरून पुढे सरकले आणि वाकले.

"कुंदा," आबा न बघताच म्हणाले, "टोपली राहू दे."

मी सरळ झाले. मग मात्र मला राहवलं नाही.

"कुणाचं पाऊल सांभाळताय, आबा? ताईच्या साड्या उंदरांनी खाल्ल्या. मिनूचा फ्रॉक बघा, हात लावला तर भुगा होईल. आणि त्या मेल्याचं पाऊल तेवढं टोपलीखाली झाकून ठेवलंय, कुणी पुसू नये म्हणून. रोज त्याची राखण करता तुम्ही. माझी आई एक दिवा घेऊन येते, तर तिला जमिनीवर ठेवू देत नाही. हे घर आहे कुणाचं? आमच्या ताईचं की त्याचं?"

त्या घरात इतक्या वर्षांत कुणी एवढ्या मोठ्यांदा बोललं नसेल. बोलून झाल्यावर माझे कान वाजत राहिले. आबा रागावले नाहीत. त्यांनी आईकडे बघितलं.

"विहीणबाई, तुम्हालाही असंच वाटतं?"

"गाव म्हनतंय," आई पदराने नाक पुसत म्हणाली. "मला काय ठावं. मी कुटं बघितलंय?"

आबा गुडघे टेकून फळीवर बसले. कोंबडीच्या पिलांवरचं डालगं उचलतात तशी त्यांनी दोन्ही हातांनी ती टोपली अलगद उचलली आणि बाजूला ठेवली.

खाली रांगोळी होती. कधीकाळची गुलाबी, आता राखाडी पडलेली. डबा लवंडून पसरावी तशी सांडलेली. आणि तिच्यात मधोमध एक पाऊल. माझ्या तळहाताएवढं. अंगठा आणि त्याच्या कडेला बोटं, एकेक वेगळं.

"मिनूचं," आबा म्हणाले.

मी फळी घट्ट धरून बसले. मी ज्याला पुसायला आले होते तो त्या घरात नव्हताच. मला रडूही येईना. इतक्या वर्षांच्या रागाला जागाच उरली नाही, आणि राग गेल्यावर आत किती रिकामं असतं ते मला तिथे बसल्या बसल्या समजलं.

"बाहेर वाऱ्यानं मोडते म्हणून अलका आत रांगोळी काढत होती," आबा सांगत होते. "पहिल्या दिवशी ही गर्दी झाली. तुडवलं जाऊ नये म्हणून साहेबांनी हाताला लागली ती टोपली त्याच्यावर घातली. मग फोटो काढले, मापं घेतली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, मास्तर, मुलीचंच आहे, आमच्या उपयोगाचं नाही, उचला टोपली. मी नाही उचलली."

"मग गावाला का सांगितलं नाहीत?"

"सांगून काय केलं असतं? लोकांना खुन्याचं पाऊल हवं होतं. त्या भीतीनं कुणी आत पाय ठेवला नाही. खरी राखण त्या भीतीनंच केली, मी कसली करतोय."

मग त्यांनी बोट पुढे केलं, रांगोळीला लागणार नाही इतकं वर धरून.

"टाच बघ, कुंदा. पोर पळतं ना, तेव्हा टाच टेकत नाही. चवडा रुततो आणि माती मागं उडते. मी सगळी नोकरी मैदानात काढली, पोरांना पळायला शिकवण्यात. वाळूतलं पाऊल बघून मी सांगायचो, कोण पळालं आणि कोण चाललं. ही टाच बघ. पूर्ण टेकलीय. बोटं सैल आहेत. ती उभी होती. आईची रांगोळी बघत उभी होती नुसती." त्यांचा आवाज बारीक झाला. "पळत नव्हती. घाबरली नव्हती. निदान तेव्हा तरी. रोज संध्याकाळी येऊन एवढंच बघतो मी. टोपली उचलतो, टाच बघतो, परत झाकतो. मग झोप लागते."

गिरणी थांबली होती. खिडकीतली हिरवी पानं हलत होती आणि त्यांच्या सावल्या फरशीवरून, रांगोळीवरून, त्या लहान बोटांवरून सरकत होत्या, पाण्यासारख्या.

आईने निरांजन उचललं. आबांनी अडवलं नाही. ती फळीवरून पुढे वाकली आणि उजेड पावलाजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता.

"मानसाचं हाय," ती म्हणाली. "कुंदे, बघ गं. मानसाचंच पाऊल हाय. ल्हान लेकराचं."

"आई, ते मिनूचं..." मी सांगायला लागले. आबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"कळतंय मला कुनाचं हाय ते," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "माझ्या नातीचं पाऊल मला वळखू येत न्हाई व्हय? पर टोपलीखाली व्हतं न्हवं? दिवा लावून बघितलं न्हवं? मग झालं की. लेकरू मानसाच्या जल्माला गेलं. आईचं बोट धरूनच गेलं आसंल."

मग ती आबांकडे वळली.

"पर आबासाहेब, एक चुकलं बघा. पाऊल बघायचं असतंय, ठिवायचं नसतंय. दुसऱ्या दिशी नदीला सोडायचं असतंय. तुमी ह्ये पाऊल हितंच धरून ठिवलंसा. मग लेकरानं दुसरा पाय कुटं टाकायचा?"

आबा टाचेकडे बघत होते. खूप वेळाने, अगदी लहान पोरासारखे, ते म्हणाले, "सोडलं तर मग मी रोज काय बघू, विहीणबाई?"

"बघून झालं न्हवं?" आईचा आवाज मऊ झाला होता. "घाबरली न्हवती म्हनलासा. एवढी वरसं ते एकल्यानंच बघत आलासा. आता मी बघितलं. कुंदीनं बघितलं. तुमी इसरलासा तर आमी सांगू."

तिने मांडीवरच्या फडक्याची गाठ सोडली आणि ते फळीवर पसरलं. ज्वारीच्या ताज्या पिठाचा वास त्या बंद खोलीत पसरला. इतक्या वर्षांत तिथे आलेला तो पहिला घरगुती वास असणार.

आबा उठले. थोडा वेळ फळीच्या कडेला नुसते उभे राहिले, विहिरीच्या काठावर उभं राहावं तसे. मग त्यांनी उजवा पाय खाली सोडला. अनवाणी पाय फरशीला लागला तेव्हा त्यांचं सगळं अंग शहारलं, ते मला दिसलं. दुसरा पाय खाली आला. ते रांगोळीत उकिडवे बसले आणि कडेपासून, ओंजळीने, ती गोळा करू लागले. आधी सांडलेली, मग बोटं, मग चवडा. टाच सर्वांत शेवटी. तिच्यावर त्यांनी तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवला. मग त्यांनी मूठ मिटली आणि आणून फडक्यावर सोडली, ज्वारीच्या पिठात.

ते घर पुढच्या उन्हाळ्यात पाडलं. आबा कोर्टात गेले नाहीत. नोटिशीला उत्तर म्हणून त्यांनी सही करून दिली, आणि गाव चकित झालं. नवा साहेब आला नाही, नवं यंत्र आलं नाही, ज्याने ते केलं तो सापडला नाही. आजही नाही. आई त्यानंतर दोन दिवाळ्या बघून गेली. तिचा दिवा मी लावला, पीठही पसरलं, पण सकाळी टोपली उचलून काय बघितलं ते मी कुणाला सांगितलं नाही. आबा शेवटी माझ्याकडेच राहत होते. माझ्या मुलांना संध्याकाळी मैदानात न्यायचे आणि येऊन रात्रभर घोरायचे.

त्या संध्याकाळी आईने फडकं पदराखाली धरलं आणि आबांनी तिला हात देऊन बाहेर नेलं. या वेळी फळीवरून नाही. दोघं फरशीवरून गेली, खुर्चीजवळून, मिनूच्या फ्रॉकखालून, धुळीतून. मी निरांजन तिथेच फळीवर ठेवलं आणि सर्वांत शेवटी बाहेर आले. आबा फाटकापर्यंत पोचले होते.

"आबा, कुलूप?" मी विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले.

दोघं नदीच्या वाटेला लागली, आई लंगडत, आबा तिच्या चालीने. मी दार नुसतं ओढून घेतलं आणि पायऱ्या उतरू लागले. पायऱ्या काळ्या दगडाच्या होत्या. त्यांवर आबांची पावलं उमटली होती, रांगोळीची, फिकट राखाडी, दारातून बाहेर जाणारी. मी दिवेलागणीच्या उजेडात वाकून बघितलं. टाच पूर्ण टेकलेली होती.